मेजापाशी कोणी येईना

आमचे हे पाळक म्हणून औरंगाबादेत आले तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. गोरे मिशनरी मायदेशी गेले होते आणि छावणीतल्या आमच्या देवळात रविवारी माणसांपेक्षा चिमण्या जास्त असायच्या. बिशपसाहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, ईस्टरपर्यंत मंडळीत जीव आणा, नाहीतर देवळाला कुलूप घालू. यांनी ते इतकं मनावर घेतलं, की जेवताना मीठ वाढायला गेले तरी मला उपदेश ऐकायला मिळे.

या उत्साहाचा पहिला तडाखा बसला तो पुंजारामबाबांना. बाबा चितेगावचे, मंडळीतले सगळ्यांत जुने. टाळ धरून गायन सांगायचे, पण अगदी संथ. एका रविवारी कडव्याच्या मध्येच हात वर करून यांनी त्यांना थांबवलं. "अहो बाबा, अशानं तरुण माणसं येतील का?" बाबांनी टाळ खाली ठेवले. त्यानंतर ते यायचे, शेवटच्या सतरंजीवर बसायचे आणि तोंड उघडायचे नाहीत. मी यांना म्हटलं, जाऊन माफी मागा. हे म्हणाले, पाळकच लोटांगणं घालायला लागला तर मंडळी चालवायची कशी? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पाळकाच्या बायकोचा राग चुलीपुरताच असतो.

मंडळीत भांडणं काय थोडी होती? वच्छलाबाई आणि मनकर्णाबाई या शेजारणींचा विहिरीच्या दोरावरून वर्षभर अबोला होता. म्हणून प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभू येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एका मेजावरची भाकर वाटून घ्यायच्या विधीच्या, आदल्या रविवारी यांनी खणखणीत उपदेश केला. ज्याचं कोणाशी वाकडं असेल त्यानं आधी समेट करावा, राग घेऊन प्रभूच्या मेजापाशी येऊ नये.

लोकांनी ऐकलं. जरा जास्तच ऐकलं.

पुढच्या रविवारी देऊळ बऱ्यापैकी भरलं होतं. यांनी भाकर मोडली, प्रार्थना केली, लोकांना मेजापाशी बोलावलं. कोणी उठेना. समेटासाठी आधी समोरच्यानं यावं, म्हणून आठवडाभर जो तो आपापल्या दारात वाट बघत बसला होता. आता सगळे माना खाली घालून बसले. मीही बसून राहिले. माझं वाकडं पाळकाशीच होतं.

पाळकानं आधी स्वतः घ्यायचं, मग इतरांना द्यायचं, अशी रीत. यांनी तुकडा ओठांपर्यंत नेला आणि हात तिथंच थांबला. चेहरा पार उतरला. मला त्यांची फार दया आली. तेवढ्यात यांनी तुकडा ताटात परत ठेवला, वर फडकं टाकलं आणि सरळ मागं चालत जाऊन पुंजारामबाबांसमोर मांडी घातली.

"बाबा, मी चारचौघांत तुमचा अपमान केला. चुकलो."

"लई लागलं व्हतं, पाळकसाहेब," बाबा म्हणाले. "अजून बी राग गेला नाय. खोटं बोलून तिथं कसा येऊ?"

"मग मीही जात नाही."

हे खरंच तिथं बसून राहिले. ईस्टर तोंडावर आलेला, बिशपसाहेबांचं कुलूप तयार, आणि इथं प्रभूचं ताट झाकलेलं. माझा जीव टांगणीला लागला. पण घरी जायला कोणी उठलं नाही. थोड्या वेळानं वच्छलाबाई सरकत सरकत मनकर्णाबाईंपाशी गेल्या.

"दोर माझ्याच हातून तुटला व्हता, बाई."

"ठावं हाय मला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तू कवा म्हनती, त्येचीच वाट बघत व्हते."

मग इकडून तिकडून कुजबुज सुरू झाली. माणसं जागा सोडून एकमेकांकडं जाऊ लागली. बाबा सगळं बघत होते. शेवटी गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"चला, पाळकसाहेब. भाकर वाळून चालली. राग उरलाय थोडा, पर तो वाटंनं टाकीत येतो."

दोघे पुढं गेले. यांनी फडकं काढून बाबांना तुकडा दिला. मग ताट त्यांच्याच हातात देऊन स्वतः त्यांच्यापुढं मान खाली घातली. पाळकानं मंडळीच्या हातून घेतलेलं कोणी पाहिलं नव्हतं. बाबा गोंधळले, त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी तुकडा उचलला.

"घे, लेकरा," ते म्हणाले.

आणि आमचे हे सगळ्यांदेखत रडले.