हजारातले अठ्ठावीस

"हजार म्हणजे हजार. नऊशेवर थांबून पुढचे शंभर अंदाजाने धरायचे असतील, तर मायक्रोस्कोपवर कापड घाल आणि घरी जा."

भीमराज सरांनी दीपमालाला हे पंधरा वर्षांपूर्वी सांगितलं होतं, सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये. आता ती चाकणला हिंदुरावांच्या लॅबमध्ये होती, आणि तिथे हजार मोजणाऱ्या माणसाकडे सगळे कीव करावी तसे बघत.

हिंदुराव आधी प्लॉट विकायचे. विकायला जमीन उरली नाही, तेव्हा ते रक्ताकडे वळले. त्यांच्या टेबलामागे गणपतीची मोठी तसबीर होती. तिला रोज ताजं जास्वंद, आणि तिच्याच खाली रोज ताजा खोटा आकडा. रक्तात नुकत्याच उतरलेल्या कच्च्या तांबड्या पेशी शेकडा किती आहेत, हे रेटिकच्या तपासणीत कळतं. रक्तात निळा रंग मिसळायचा, पंधरा मिनिटं ऊब द्यायची, काचेवर पसरायचं आणि ज्यांच्या पोटात निळी जाळी दिसते त्या एकेक मोजायच्या. पाठ मोडते, डोळे चुरचुरतात. हिंदुरावांनी त्यावर उपाय काढला होता. रेटिकची ओळ पुढच्या टेबलावरच भरायची, एक पूर्णांक दोन. भोसरीचा फिटर असो, मारुंजीची कॉम्प्युटरवाली असो की चार महिन्यांची गरोदर बाई, सगळ्यांचं एक पूर्णांक दोन. देवाने दोन माणसं सारखी घडवली नाहीत, ती उणीव हिंदुरावांनी भरून काढली होती.

दोन महिन्यांपूर्वी दीपमाला तिथे लागली आणि कुणाला न विचारता मोजायला बसली. जेवणाच्या सुट्टीत मोजते म्हटल्यावर हिंदुरावांनीही चालवून घेतलं.

त्या मंगळवारी सकाळी नवनाथ आला, तो आईचा खांदा धरून. पंचविशीचा गडी, पण जिना चढून आल्यावर बाकावर बसला तो बोलेचना. एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये तीन वर्षं थिनरच्या वासात काम. कंपनीच्या डॉक्टरांनी तीन आठवडे लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. रिपोर्टात सुधारणा दिसली की उद्या, बुधवारी, फिटनेसचा कागद आणि गडी परत थिनरमध्ये.

"बाई," त्याची आई सरूबाई हलकेच म्हणाली, "साहेब नुसता कागद बघतेत, लेकराकडं बघत न्हाईत. रिपोर्ट बी कंपनीलाच जातोय. आमाला कोन सांगनार?"

"मी सांगेन. कागद घेऊन आज संध्याकाळच्या आत तुमच्या घरी येते."

"चऱ्होलीला? एवढ्या लांब?"

"येते म्हटलं ना मावशी."

दुपारी तिने हजार पेशी मोजल्या. अठ्ठावीस कच्च्या. म्हणजे शेकडा दोन पूर्णांक आठ. तिने आकडा भरला, आणि कॉम्प्युटरने न विचारता खाली छापलं: 'प्रमाण वाढलेले. औषधाला प्रतिसाद उत्तम.'

हिंदुरावांनी कागद उचलून वाचला. "घ्या. मोजलंत त्याचं चीज झालं. पोरगा सुधारतोय."

"नाही साहेब. हे वाक्य चूक आहे."

"वाक्य मशीनचं आहे बाई. मंगळवारच्या उपासाने डोकं हलकं झालं का? साबुदाणा मागवू?"

दीपमालाने त्यांच्या हातातला कागद परत घेतला. साबुदाण्यावरच ज्याची अक्कल संपते, त्याच्याशी वाद घालून उपास कशाला बाटवायचा.

तिने डॉक्टर विजयश्री मॅडमची वाट पाहिली. मॅडम दर मंगळवारी तीन वाजता येत आणि आठवड्याभराच्या रिपोर्टांवरच्या सह्या वीस मिनिटांत उरकत. मायक्रोस्कोपच्या खुर्चीवर त्या वेळात त्यांची पर्स बसे. दीपमालाने पर्स अलगद उचलून टेबलावर ठेवली.

"मॅडम, ही स्लाइड एकदा बघता?"

मॅडमनी उभ्यानेच डोळा लावला. "अगं, भरपूर आहेत की. हाडांतला मॅरो छान पेशी बनवतोय."

"भरपूर दिसतात, कारण बाकीच्या पेशीच उरल्या नाहीत. सगळं गाव कामाला शहरात गेलं आणि मागे चार पोरं राहिली, म्हणून गावात पोरं फार झाली असं म्हणतो का आपण? याच्या रक्तात तांबड्या पेशींचा वाटा, हिमॅटोक्रिट, शेकडा पंधरा आहे. असायला हवा पंचेचाळीस, म्हणजे हा तिसराच हिस्सा. दोन पूर्णांक आठचे तीन वाटे केले की एकही पुरता हाती येत नाही."

"ते मला माहीत आहे."

"हो मॅडम. शिवाय इतक्या घाईने बाहेर ढकललेली पेशी एका दिवसाऐवजी अडीच दिवस कच्चीच फिरते. एकच पाहुणा दोन-तीन पंगतींना बसला, म्हणून पाहुणे वाढत नाहीत. अडीचने भागलं की अर्धासुद्धा उरत नाही. दोन-तीन यायला हवे होते. मॅरो काम करत नाहीये."

हिंदुराव दारातून हसले. "मॅडम, आता पंगतीवर डायग्नोसिस. तुम्ही सही करा, कंपनी वाट बघतेय."

मॅडमनी पेन काढलं.

"करा मॅडम," दीपमाला तितक्याच हळू म्हणाली. "फक्त माझ्या वहीत अठ्ठावीस, पंधरा आणि हा भागाकार शाईने लिहिलाय. खाली आजची तारीख आहे. उद्या तो पोरगा मशीनवर कोसळला आणि कुणी विचारलं, तर वही द्यावी लागेल. खोटं बोलता येत नाही मला."

मॅडमचं पेन थांबलं. ते पोरासाठी थांबलं नव्हतं, एवढं दीपमालाला स्वच्छ दिसलं. स्वतःच्या नावावरची धूळ झटकायला मॅडमचे हात किती चपळ चालले. छापील वाक्य खोडलं गेलं, नवं टाइप झालं: 'दुरुस्त रेटिक अपुरा. प्रतिसाद नाही. थिनरचा संपर्क तत्काळ थांबवावा. बोन मॅरो तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवावे.' शेवटी सही, नेहमीपेक्षा जास्त वळणदार.

"मी हेच लिहिणार होते," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम."

हिंदुरावांनी कागद घेतला. "ठीक आहे. परवा मेल करू कंपनीला. घाई काय आहे?"

"फिटनेसचा कागद उद्याच निघायचा आहे साहेब. तुमची मेल परवा."

"मग? कंपनीचा पेशंट आहे. कंपनी बघेल."

कंपनी बघेल. तीन वर्षं कंपनीनेच तर बघितलं होतं. दीपमालाच्या मनात आलेला शब्द देवाच्या तसबिरीसमोर उच्चारण्यासारखा नव्हता, म्हणून तिने तो गिळला. प्रिंटरवरून दुसरी प्रत काढली, मॅडमसमोर धरली. "पेशंटची प्रत, मॅडम. त्याच्या रक्ताचा कागद आहे, त्याला द्यावाच लागतो." मॅडमनी तिच्याकडे न बघता सही केली.

"साडेचारला निघताय?" हिंदुराव म्हणाले. "अर्धा दिवस कापीन."

"कापा."

तिने कागद दुमडला नाही. वहीच्या दोन पानांत सपाट ठेवला, वही पिशवीत घातली, स्लाइड लेबल लावून डब्यात बंद केली. हात धुतले, चपला घातल्या. चौकात आळंदीकडे जाणारी सहा आसनी रिक्षा भरत होती. तिने मोबाइलवर सरूबाईंचा नंबर लावला, "मावशी, घर कुठल्या बाजूला ते सांगा," एवढं म्हटलं, आणि मागच्या सीटवर दोन बायकांच्या मध्ये सरकून बसली.