कोट सक्तीचा नाही

आमच्या दुकानात काळे कोट भाड्याने मिळतात. बंदराच्या फाटकासमोरच्या रस्त्यावर, छत्र्या दुरुस्त करणारा आणि चष्मेवाला यांच्या मधोमध आमचा गाळा. सहलीच्या मोठ्या जहाजांवर रात्रीच्या जेवणाला पुरुषांना काळा कोट आणि गळ्याला बो लागायचा, बायकांना लांब गाऊन. सहलीला निघालेली माणसं टोप्या घेतात, मलमं घेतात, पोहायचे कपडे तर चार-चार घेतात. पण काळा कोट घरात कोण बाळगतो? जहाज सुटायच्या आदल्या दिवशी हीच माणसं धापा टाकत आमच्याकडे यायची. आमचे हे मापं घेऊन बाह्या आत-बाहेर करायचे, मुलगा इस्त्री करायचा आणि मी गल्ला आणि गिऱ्हाइकांचे मूड सांभाळायचे. यातलं दुसरं काम जास्त अवघड. सुटलेल्या पोटाच्या माणसाला "तुमची अंगलट जरा राजेशाही आहे" असं हसतमुखाने सांगावं लागतं.

मग आमच्या सूनबाईंना नोकरी लागली. कुठे, तर त्याच जहाज कंपनीच्या कचेरीत. आणि त्याच हंगामात आमचं गिऱ्हाईक आटलं. आता मला सांगा, कुणालाही संशय येईल की नाही?

रस्त्यावरून बॅगा ओढत जाणाऱ्यांना मी दारात उभी राहून विचारायचे, "जेवणाच्या कोटाचं काय केलंत?" तर एकजात सगळे एकच वाक्य बोलायचे: "आता कोट सक्तीचा नाही." शब्दाचाही फरक नाही. शाळेत पाठ करून घ्यावं तसं. माणसं खरं बोलत असतील तर चार जण चार तऱ्हेने बोलतात, असं माझं मत आहे. कुणीतरी हे वाक्य त्यांच्या तोंडात घातलं होतं. माझा हिशेब सरळ होता. जहाजवाल्यांनी आतच कोट भाड्याने द्यायला सुरुवात केली असणार, आणि त्यांना या धंद्यातल्या खाचाखोचा सांगायला आमच्याच घरातलं माणूस मिळालेलं.

मी हे यांना सांगितलं. हे सुईत दोरा ओवत म्हणाले, "असेल बुवा." या माणसाला कशाचाच संशय येत नाही. लग्नानंतर संशय घ्यायचं खातं आपोआप माझ्याकडे आलं.

मग एक दिवस मी बँकेतून लवकर परत आले, तर सूनबाई दुकानाच्या मागच्या दारातून बाहेर पडत होती. हातात कोटाची लांब पिशवी. मला बघून ती दचकली नाही, हे मला फार खटकलं. निर्ढावलेली माणसं दचकत नाहीत.

रात्री जेवताना सगळे बसल्यावर मी विषय काढला.

"दुपारी त्या पिशवीत काय होतं गं?"

सून जेवायची थांबली. तिने सासऱ्यांकडे बघितलं.

"बाबांना विचारा ना, आई."

मी यांच्याकडे वळले. हे ताटाकडे बघत म्हणाले, "मला काय माहीत?"

सून उठली, स्वतःचं ताट घासून पालथं घातलं आणि खोलीत गेली. काय साळसूदपणा! गरीब गायीसारखा नवरा माझा, आणि ही त्याच्या गळ्यात घोंगडं अडकवायला निघाली होती. माझं डोकंच फिरलं. मी मुलाला तिथल्या तिथे बजावलं, "महिनाअखेरपर्यंत एकतर तिने ती नोकरी सोडायची, नाहीतर तुम्ही दोघांनी आपलं वेगळं घर बघायचं."

"आई, तू जरा..."

"मी काही जरा-बिरा करणार नाही."

मुलगा यांच्याकडे बघत राहिला. हे पाणी प्यायला उठले.

त्यानंतर घरात कुणी कुणाशी धड बोलेना. मी मात्र दुकानावर डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केला. रोज सकाळी मागच्या रांगेवर एक नजर टाकायचे. कोटांची कव्हरं ओळीने टांगलेली, गच्च, जिथल्या तिथे. म्हटलं, बाईसाहेबांना बरोबर जरब बसली.

आणि अशात एका संध्याकाळी सूनबाईंनी माझ्यासमोर दोन तिकिटं ठेवली. कचेरीतल्या लोकांना घरच्यांसाठी मिळतात म्हणे. छोटी सहल, तुम्ही दोघं जाऊन या. आवाज अगदी मऊ. मुलगा खिडकीबाहेर बघत उभा होता. मला लगेच कळलं की कुठेतरी पाणी मुरतंय. ही लाच होती, नाहीतर आम्हाला घरातून दूर करायची युक्ती होती. कदाचित दोन्ही.

हे म्हणाले, "नको. मला समुद्र लागतो."

"तुम्ही बंदरासमोर जन्म काढलात."

"समोर काढला. वर नाही."

यांचा नकार ऐकला आणि माझा होकार पक्का झाला. मला त्या जहाजावर जायचंच होतं. जेवणाच्या हॉलमध्ये किती लोक काळे कोट घालून बसतात आणि ते कोट कुठून येतात, हे एकदा या डोळ्यांनी बघितलं की मग कुणी माझ्यासमोर "मला काय माहीत" म्हणणार नव्हतं. निघताना शेजारणीला सांगून ठेवलं की दुकानावर लक्ष असू दे.

जहाज दुपार पार कलल्यावर सुटलं. आमची खोली कपाटाएवढी, पण स्वच्छ. जेवणाची पहिली पंगत संध्याकाळी लवकरच होती. मी यांचा काळा कोट काढून पलंगावर पसरला. हे त्याच्याकडे असे बघत राहिले की जणू तो चावणार आहे.

"पोट ठीक नाही माझं. इथेच काहीतरी मागवू."

"आत्ता तर सबंध सफरचंद खाल्लंत."

"मग कोट तरी नको. तिथे आता कुणी घालत नाही."

"कुणी सांगितलं? सूनबाईंनी?"

मी यांच्या गळ्याला स्वतःच्या हातांनी बो बांधला, माझा निळा गाऊन चढवला आणि आम्ही निघालो. लिफ्टमधल्या आरशात आम्ही दोघं लग्नातल्यापेक्षा बरे दिसत होतो.

हॉलच्या दारात माझे पाय खिळले. झुंबरं होती, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ होते आणि सगळ्या खुर्च्यांवर माणसं टी-शर्ट घालून बसली होती. अर्ध्या चड्ड्या. रबरी चपला. एका गृहस्थांच्या डोक्यावर टोपी होती, ती त्यांनी सूप पितानाही काढली नाही. हाही सूनबाईंचाच बनाव असेल, असं क्षणभर माझ्या मनात आलं. पण एवढ्या माणसांना अर्ध्या चड्डीत आणून बसवणं एकट्या बाईला जमणार नाही, हे मलाही मान्य करावं लागलं. म्हणजे गिऱ्हाइकं खरं बोलत होती. कोट खरंच सक्तीचा नव्हता.

काळे कोट आणि बो त्या हॉलमध्ये फक्त वाढणाऱ्यांच्या अंगावर होते. आणि आमच्या यांच्या.

आम्ही आमचं टेबल शोधत निघालो तोच उन्हाने खांदे भाजलेल्या एका बाईने यांच्याकडे बघून ग्लास वर केला. "पाणी आणा हो इकडे." तिच्या नवऱ्याने भर घातली, "आणि हा चमचा बदलून द्या."

मी तोंड उघडणार, एवढ्यात हे वळले. बाजूच्या मेजावरचा जग उचलला आणि त्या बाईच्या ग्लासात व्यवस्थित पाणी ओतलं. थेंब सांडला नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या अंगावर कोट चढवलेला माणूस. आपणही पाहुणे आहोत, हे म्हणायची जिभेला सवयच नाही. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त वाईट वाटलं. एवढा सुरेख कोट, आणि तो बघून लोक चमचा मागत होते.

तेवढ्यात पन्नाशीचा एक वाढपी धावत आला आणि त्याने यांच्या हातातला जग काढून घेतला.

"अहो मास्तर, तुम्ही बसा! तुम्ही कशाला?"

मास्तर. माझे कान टवकारले. शिंप्याला मास्तर म्हणतात. पण हा माणूस शिंपी आहे, हे जहाजावरच्या वाढप्याला कसं कळलं?

आम्ही बसलो. तोच वाढपी सूप घेऊन आला आणि वाटी ठेवायला वाकला. त्याच्या डाव्या बाहीची बटणं माझ्या नाकासमोर आली. ती हिरव्या दोऱ्याने लावलेली होती.

हे कुणाला सांगून समजायचं नाही. लाँड्रीत चार दुकानांचे कोट एकत्र होतात, म्हणून आमच्या प्रत्येक कोटाच्या डाव्या बाहीची बटणं मी गडद हिरव्या दोऱ्याने लावते. काळ्यावर गिऱ्हाइकाला दिसत नाही, मला दिसतं. मी पलीकडच्या टेबलावरचा वाढपी बघितला. हिरवा दोरा. दाराजवळचा. हिरवा दोरा. अख्ख्या हॉलमध्ये आमचं दुकान ट्रे घेऊन फिरत होतं.

"बघितलंत?" मी यांच्या कानाशी फुसफुसले. "तुमच्या सुनेने आपले कोट विकले."

हे सूप ढवळत राहिले. मग चमचा खाली ठेवला.

"बाहेर चल."

डेकवर अजून उजेड होता. किनारा मागे दिसत होता, बंदरातल्या क्रेनसुद्धा ओळखू येत होत्या. हे कठड्याला धरून उभे राहिले. माझ्याकडे न बघता बोलले.

"मी दिले."

"काय?"

"कोट. मीच विकले. पाहुण्यांना सक्ती उठली, पण वाढणाऱ्यांना कोट हवेच होते. ती म्हणाली, बाबा, पडून राहण्यापेक्षा देऊया का. मी म्हटलं, आईला कळू द्यायचं नाही. इथे येऊन या लोकांची मापंही घेतली. तुला वाटलं, दाताच्या डॉक्टरकडे गेलोय. गाळ्याचं भाडं त्यातूनच परस्पर भरलं, म्हणून दुकान चाललं एवढे महिने."

"आणि मागची रांग? मी रोज बघते!"

"कव्हरात वर्तमानपत्रं भरलीत."

रोज सकाळी, डोळ्यांत तेल घालून, मी रद्दीवर पहारा देत होते.

"त्या रात्री जेवताना मी तुम्हाला विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं. तेव्हा?"

हे कठड्यावरचा रंग नखाने खरवडत राहिले.

"तू तिच्यावर चिडली होतीस," शेवटी म्हणाले. "तिच्यावर चिडलीस, की दुकान कसं चाललंय ते मला विचारायची नाहीस. मला तेवढंच बरं पडत होतं."

या माणसावर मी कधी संशय घेतला नव्हता. छत्रीवाल्यावर घेतला, लाँड्रीवाल्यावर घेतला, पोटच्या पोरावर घेतला. आणि हा समोर उभा असलेला गरीब गाय माणूस सुनेला पुढे करून आरामात सुईत दोरा ओवत बसला होता. समोर समुद्र होता आणि कठडा काही फार उंच नव्हता, एवढंच सांगते.

मी फोन काढला. अजून रेंज होती. मुलाला लावला, उचलला सुनेने.

"आई? बाबांना समुद्र लागला नाही ना?"

"मी कोट बघितले," मी म्हणाले.

तिच्या मागे काहीतरी जड ओढल्याचा आवाज येत होता. मुलगा कुणाला तरी "सावकाश, सावकाश" म्हणत होता.

"कसला आवाज आहे तो?"

"सामान हलवतोय, आई. तुम्ही महिनाअखेर म्हणाला होतात ना. जागा मिळाली. म्हटलं, तुमच्यासमोर कपाटं बाहेर काढली तर तुम्हालाही त्रास होईल. म्हणून तिकिटं घेतली." तिचा आवाज तसाच मऊ होता. "किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवतो. तुमचं काही हलवलेलं नाही."

युक्ती होतीच. माझा संशय खरा निघाला होता. फक्त ती युक्ती करायला मीच त्यांना सांगितलं होतं.

"अगं, पण तू बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. "त्या रात्रीच सांगायचंस, की बाबांनीच दिले म्हणून. तोंडावर सांगायचंस!"

"आई, तुम्ही खरं मानलं असतंत?"

हे माझ्याकडे बघत होते. वाऱ्याने यांचा बो एका बाजूला कलला होता. "हो" म्हणायला माझी जीभ उचलली होती. पण ज्या बाईने यांच्या शब्दाखातर इतके दिवस तोंड बंद ठेवलं होतं, तिच्याशी आणखी एक खोटं बोलवेना.

"नसतं मानलं," मी म्हणाले.

"हं," ती म्हणाली. रागावली नव्हती. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मग ती पलीकडे कुणाला तरी म्हणाली, "ते आडवं नका करू हो, आरसा आहे." आणि मला, "ठेवते आई. खाली टेम्पो थांबलाय."

"थांबा," मी म्हणाले. "मी येईपर्यंत थांबा ना." पण तोवर फोन बंद झाला होता. पुन्हा लावला तर लागेना.

"काय म्हणाली?" यांनी विचारलं.

मला रडू येत होतं आणि ते यांना दाखवायचं नव्हतं. मी गाऊन हातात गोळा केला आणि फोन वर धरून जहाजाच्या मागच्या टोकाकडे, किनारा दिसत होता तिकडे, भराभर चालायला लागले.