सात नंबरचा फ्लॅट कुणी घेत नाही

फ्लॅट पहिल्या भेटीतच आवडला, आणि त्यामुळंच तनुजाच्या मनात पाल चुकचुकली.

उस्मानपुऱ्यातली आठ घरांची जुनी सोसायटी. तिसऱ्या मजल्यावरचा सात नंबर. दोन खोल्या, मोठं स्वयंपाकघर, पूर्वेला गॅलरी. तनुजा ज्या लॅबमध्ये रक्ताच्या तपासण्या करायची ती चालत दहा मिनिटांवर होती, आणि सत्यमची शेंद्र्याच्या कंपनीची बस कोपऱ्यावर थांबत होती. गारखेड्यात भाड्याच्या घरात सात वर्षं काढल्यावर एवढं सगळं एका ठिकाणी मिळतंय म्हटल्यावर कुणीही हुरळून गेलं असतं. पण घर चार वर्षं रिकामं होतं. मालक पुंडलिक देवकर पुण्याला मुलाकडं राहायचे. आजूबाजूला जे दर चालले होते त्याहून ते बरंच कमी मागत होते.

"एवढं चांगलं घर चार वर्षं पडून कसं राहतं?" तिनं परत येताना विचारलं.

"जुनी इमारत आहे. लिफ्ट नाय," सत्यम म्हणाला. "तू रिपोर्टमध्ये चूक शोधल्यासारखी घरात शोधू नकोस."

दुसऱ्या रविवारी दोघं सोसायटीचे सेक्रेटरी नानासाहेब यांना भेटायला गेले. ते पाच नंबरला, म्हणजे सातच्या बरोबर खाली राहायचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, नीट बोलणारा माणूस. त्यांनी चहा दिला, घरची चौकशी केली, आणि मग आवाज खाली आणला.

"तुम्ही आमच्या पोरांच्या वयाचे, म्हणून सांगतो. देवकरांच्या कागदात घोळ आहे. भावानं दावा टाकलाय म्हणतात. मी काय पाहिलेलं नाय, पण कानावर आलंय."

जिना उतरताना तळमजल्यावरचे गोकुळ भेटले. त्यांचा स्टेशनरोडला टायरचा धंदा होता. सात नंबर बघायला आलो म्हटल्यावर त्यांनी स्कूटर पुसायचं फडकं बाजूला ठेवलं.

"बघा बुवा. त्या घरात कुणाला लाभलं नाय. देवकरांच्या आधी एक प्राध्यापक होते, त्यांचं तिथंच बिनसलं. बायको निघून गेली."

"आणि कागदांचं?" तनुजानं विचारलं.

"कागदांचं काय? कागद चोख आहेत की."

तनुजानं सत्यमकडं पाहिलं. तो रस्त्याकडं बघत होता.

तिनं रात्री देवकरांना फोन केला. भावाचा विषय काढताच म्हातारा चिडला. "मला भाऊच नाय. तीन बहिणी आहेत, तिघींनी सह्या दिल्यात. भाव पाडायचा असंल तर सरळ बोला. तुमच्या आधी पाच जणांनी हेच केलं. येतात, घर आवडतं म्हणतात, आणि आठ दिवसांनी फोन उचलत नाय."

पाच जण. हा आकडा तिच्या डोक्यातून जाईना. तिनं ओळखीच्या वकिलाला घराच्या तीस वर्षांच्या कागदपत्रांचा शोध घ्यायला लावला. दहा दिवसांनी अहवाल आला. घरावर ना कर्ज, ना दावा. शेअर सर्टिफिकेट देवकरांच्याच नावावर.

"आता तरी बस कर," सत्यम म्हणाला.

"मग नानासाहेब खोटं का बोलले?"

"ऐकीव बोलले."

"सेक्रेटरी माणूस ऐकीव बोलत नसतो. दप्तर त्यांच्याकडंच असतं."

पुढच्या खेपेला ती एकटीच गेली, देवकरांकडून मागवलेली चावी घेऊन. भिंतींना हात लावून पाहिलं. स्वयंपाकघरातल्या नळाची तोटी फिरवली. ती घरघरली, तांबूस थेंब पडले आणि थांबली. तेवढ्यात समोरच्या आठ नंबरचं दार उघडलं. पन्नाशीची बाई, हातात ओल्या चादरींची बादली. गजाला त्यांचं नाव. त्या घरी ब्लाउज शिवायच्या आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं बघायच्या.

"घेताय का घर?" त्यांनी विचारलं.

"विचार चाललाय, आपा."

"छत गळतं बरं का. पावसात पूर्ण भिंत ओली. लहान मूल असंल तर छाती भरते त्याची."

तनुजानं वर पाहिलं. छताचा चुना चार वर्षं जुना, पण एकसारखा कोरडा होता. कुठंही पिवळा डाग नव्हता, पोपडा नव्हता. तिनं परत गजालांकडं पाहिलं तेव्हा त्या बादली उचलून गच्चीच्या जिन्याकडं वळल्या होत्या.

तीन माणसं, तीन कारणं, आणि एकही खरं नाही. घरी जाताना तिला पहिल्यांदा भीती वाटली. ही सगळी मिळून काय लपवतात? आपली जात, आपलं गाव यांना नको आहे का? की यांच्यातल्याच कुणाला घर पडत्या भावात हवंय? सत्यमला तिनं सगळं सांगितलं. "सोडून देऊ," तो म्हणाला. "अशा लोकांत राहायचं कसं?"

तिनं सोडलं नाही. एक प्रश्न तिनं अजून विचारलाच नव्हता, जो या शहरात घर घेणारा माणूस सगळ्यात आधी विचारतो. तिनं नानासाहेबांना फोन केला. "काका, आपल्याकडं पाण्याचा दिवस कोणता?"

 ते म्हणाले, "तसं नक्की नसतं. सहा दिवसांनी येतं. या खेपेला शुक्रवारी येईल."

कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं मात्र बुधवार सांगितला.

बुधवारी तिनं लॅबमधून अर्धा दिवस सुटी घेतली. इमारतीत शिरली तेव्हा खालच्या हौदावरची मोटर चालू होती. ती कुणाशी न बोलता थेट गच्चीवर गेली. आठ काळ्या टाक्या ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगानं नंबर. सातच्या टाकीवरचा नंबर घासून पुसट केलेला होता. तिनं झाकण उचललं. टाकी काठोकाठ भरलेली. चार वर्षं बंद असलेल्या घराची टाकी, आणि पाणी आजचं, आत शेवाळाचा ठिपकासुद्धा नाही.

ती खाली वाकली. टाकीच्या बुडाशी सात नंबरच्या घरात जाणाऱ्या जुन्या लोखंडी पाइपाचा वॉल घट्ट बंद होता. त्याच्या शेजारून तीन नवे प्लॅस्टिकचे पाइप निघाले होते. एक आठ नंबरच्या टाकीला जोडलेला. दोन भिंतीवरून खाली गेलेले, एक पाचला, एक पार तळमजल्याला.

मागं पावलं वाजली. गजाला चादरी वाळत घालायला आल्या होत्या. तनुजाच्या हातात झाकण पाहून त्या जागच्या जागी थांबल्या.

"हे होय," तनुजा म्हणाली. तिला राग यायला हवा होता. आधी सुटल्यासारखं वाटलं. "म्हणून छत गळत होतं."

गजालांनी बादली खाली ठेवली. "खोटं बोलले मी," त्या म्हणाल्या. "अम्मीला तीन वर्षं झाली अंथरुणात. दिवसाला दोन चादरी, कधी चार. एक टाकी सहा दिवस पुरत नाय. नानासाहेब म्हणाले, पाणी तसंही पडून आहे. आधी फक्त मीच घेत होते. मग त्यांनी घेतलं, मग गोकुळभाईंनी. नंतर कुणी घर बघायला आलं की आपोआपच तोंडातून काहीतरी निघायचं."

"पाच जणांना परत पाठवलंत तुम्ही. देवकरकाका चार वर्षं घर विकायला बघतायत."

"माहीत आहे," गजाला म्हणाल्या. 

त्या रात्री सत्यम म्हणाला, "आता तर नकोच." तनुजा म्हणाली, "आता तर घेऊच. निदान घरात काय वाईट आहे ते कळलं, आणि ते घरात नाहीच." तिनं देवकरांना सगळं सांगितलं.  म्हातारा एवढंच म्हणाला, "नानासाहेबाच्या पोरीच्या लग्नात आठ दिवस राबलो होतो मी."

नानासाहेबांनी नाहरकत पत्राला दोन महिने लावले. कधी मीटिंग झाली नाही, कधी शिक्का सापडेना. तनुजानं तिसऱ्या अर्जासोबत गच्चीवरच्या टाकीचा फोटो जोडला आणि पोच घेतली. चौथ्या दिवशी पत्र मिळालं. वर चहाचं आमंत्रणही होतं. ती गेली नाही.

ताबा मिळाला त्या दिवशी तिनं मोईन प्लंबरला गच्चीवर नेलं. पाच नंबरचा आणि तळमजल्याचा पाइप तिनं स्वतः उभं राहून कापून घेतला. आठ नंबरच्या टाकीला जाणाऱ्या तिसऱ्या पाइपापाशी मोईननं आरी टेकवली, आणि तिनं त्याला थांबवलं.

"इथं वॉल बसवा. बंद ठेवा."

"कापून टाका ना मॅडम. उद्या कुणी खोललं तर?"

"बसवा."

सत्यमला ते पटलं नाही. गजालांना तिनं काही सांगितलं नाही. पण पुढच्या पाण्याच्या दिवशी त्यांनी तो वॉल पाहिला असणार. जिन्यात भेटल्या की त्या मान खाली घालून जायच्या. तनुजाही झाकणाला कुलूप लावून चावी पर्समध्ये ठेवायची, आणि दर दोन दिवसांनी वर जाऊन पाण्याची पातळी बोटांनी मोजायची. आपण ज्या घरासाठी एवढं केलं त्यात चोरावर नजर ठेवल्यासारखं राहतोय, हे तिला कळत होतं. सवय जात नव्हती.

एप्रिलच्या एका सकाळी नळ कोरडा पडला. पाण्याला अजून एक दिवस बाकी होता.

"मी म्हटलं होतं," सत्यम म्हणाला.

तनुजानं ओढणी घेतली आणि समोरचं दार वाजवलं. कसं विचारायचं ते ती मनात जुळवत होती. दार उघडलं. गजालांचे डोळे जागरणानं सुजलेले होते, आतून डेटॉलचा वास येत होता.

"मी काल तुमचा वॉल खोलला," तनुजानं तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या. "अम्मीला जुलाब लागलेत. सगळं पाणी संपलं. तुम्ही ड्यूटीवर होता, नंबर नव्हता माझ्याकडं. आता येणारच होते सांगायला."

या इमारतीत न विचारता कुणी खरं सांगण्याची ही पहिलीच वेळ होती. तनुजानं तयार केलेली वाक्यं तशीच राहिली.

"डॉक्टरांना दाखवलं का?"

"संध्याकाळी येतो म्हणाले."

"नमुना एका डबीत द्या. लॅबमध्ये बघते."  "माझा नंबर घ्या. पुढच्या वेळी आधी फोन करा, आपा."

"करते."

गजाला फोन आणायला आत गेल्या. तनुजानं जिन्यातूनच हाक मारून सत्यमला पाण्याचे दोन जार मागवायला सांगितले, एक आपल्या घरी आणि एक आठ नंबरला. सत्यम काहीतरी पुटपुटला, पण जारवाल्याला फोन लावल्याचं तिला ऐकू आलं.