किती महिने?

मी सोनोग्राफीचं मशीन बोलतंय. पनवेलच्या एका दवाखान्यात सहा वर्षं उभं आहे. माझ्या वर पाटी आहे, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.' ती माझ्यासाठी नाही हो, तुमच्यासाठी आहे! तरी 'पेढा की बर्फी?' असं हळूच विचारणारे येतातच. म्हणून माणसांबद्दल माझं मत काही फारसं बरं नाही.

गेल्या मंगळवारी नेऱ्याहून समीक्षा आली. तेरा वर्षांची. पोट फुगलेलं, सकाळपासून लघवी अडलेली, वाकून चालत होती. सोबत आई रंजिता आणि आत्या किशोरी. आत्याचं तोंड काही बंद होईना.

"डॉक्टरीण बाई, किती महिनं झालं तेवढं सांगा. आमी कोनाला सांगनार नाय. हिला उद्याच उरणला पावन्यांकडं धाडतो. शाळा बंद केलीच हाय."

"आत्या, मी काय नाय केलं गं! दर महिन्याला दुखतं, सांगितलं ना मी!"

"गप बस! प्वाट काय वाऱ्यानं आलं वर?"

सहा महिने पोरगी पोट धरून रडत होती, तेव्हा घरच्यांनी ओवा चारला. शाळा बुडवायची नाटकं म्हणाले. पोट दिसायला लागलं आणि लगेच सगळ्यांना अक्कल फुटली. वा रे शहाणे!

डॉक्टर आभांनी तिला आधी तपासलं, मग पोटावर जेल लावून माझा प्रोब फिरवला. गर्भपिशवीत बाळबीळ काही नव्हतं. तिच्याखाली, योनिमार्गात, पाळीचं जुनं रक्त तुंबलं होतं. त्याच्याच दाबानं लघवी अडली होती.

"जन्मापासून हिचा खालचा पातळ पडदा बंद आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पाळी येत होती, बाहेर पडायला वाट नव्हती. आजच छोटं ऑपरेशन करू, बरी होईल. आणि महिने विचारलेत ना? सहा. सहा महिने ही सांगत होती, तुम्ही ऐकलं नाहीत."

"देवा, इज्जत वाचली!" आत्यानं हात जोडले.

पोर कळवळतेय आणि हिची म्हणे इज्जत वाचली. शी!

समीक्षानं आईचा हात धरला. "आई, आता तरी सांग ना आत्याला, मी खोटं नव्हते बोलत."

रंजितानं मान वर केली नाही. "काय सांगू गं तिला? मीपन तुला खोटीच समजले."

मला कान नाहीत, मी आवाजाच्या लाटांवर भागवतं. तुम्हाला दोन दोन दिलेत. ते वापरा. आणि आता रडत बसू नका, उचला त्या पोरीला, ऑपरेशनला न्या, तिला लघवीला होत नाहीये.