आणखी एक पेर वर

दिवाळीनंतर आमचे जावई भूपेंद्र धुळ्याहून असोद्याला आले, ते गाडीच्या मागच्या सीटवर एक कुंडी घेऊन. त्यांची बायको, माझी नणंद मोहिनी, श्रावणात गेली. धुळ्याचं भाड्याचं घर ते आता सोडणार होते. "तिनं लग्नाच्या वर्षी लावलेलं आहे," एवढंच बोलले आणि चहा अर्धा ठेवून निघाले.

कमरेएवढं झाड. उसासारखी पेरं, रुंद पानांवर पांढरे ठिपके. नर्सरीतलं नाव डिफेनबेकिया. ते आमच्या घरात कोणालाच धड उच्चारता येईना, म्हणून नुसतं मोहिनीचं झाड. सासऱ्यांनी, जीवराम आबांनी, ते ओसरीवर आपल्या खाटेशेजारी ठेवून घेतलं.

"हे जगलं पाह्यजे, शीतल," म्हणाले. मी या घरात आल्यापासून त्यांनी माझ्याकडे चहासुद्धा मागितला नव्हता, समोर येईल तो प्यायले.

पौषात थंडीनं कहर केला. आबांची उभी हयात केळीत गेलेली. थंडीत केळीला पहाटे विहिरीचं कोमट पाणी देतात, बांधावर धूर करतात, म्हणजे बाग गारठत नाही. तोच उपचार कुंडीला सुरू झाला. पहाटे तांब्याभर पाणी आणि समोर गोवऱ्यांचा धूर. सासूबाई खोकून बेजार.

"अहो, झाड जगवता का मले मारता?"

"तू आत जाय. तुले नाई, त्याले थंडी वाजू राहिली."

मी मोबाइलवर वाचून सांगून पाहिलं, "आबा, वावरातलं पाणी जमीन पिऊन घेते. कुंडीतलं जाणार कुठं? मुळं कुजतील."

"तुह्या मोबाइलनं किती घड काढले आतापावतर?"

पानं पिवळी पडली, तसं आबांनी पाणी वाढवलं. एका सकाळी बुंध्याला हात लावला, तर तो जास्त पिकलेल्या केळासारखा मऊ.

मग मात्र मी विचारत बसले नाही. ओसरीवर वर्तमानपत्र पसरलं, सुरी गॅसवर तापवून घेतली. मोबाइलवरच शिकले होते. कुजलेलं कापत वर जायचं, स्वच्छ पांढरा गर लागला की थांबायचं आणि वरचा तुकडा पाण्यात ठेवायचा. नशीब असलं तर मुळं फुटतात.

पहिला काप. आत तपकिरी.

"आणखी एक पेर वर घेते, आबा."

तपकिरी.

"आणखी एक."

आबा समोर उकिडवे बसले होते. "तिच्या पायाले बी असंच म्हनत होते," ते म्हणाले. "आधी बोट. मंग घोट्यापावतर. मंग गुडघा. दर बारीले म्हने, आखीन थोडं वर घेऊ, मंग काई भेव नाई."

मोहिनीचा साखरेनं सडलेला पाय. धुळ्याच्या दवाखान्याबाहेर बाकावर आबाच बसून असायचे, आम्ही आळीपाळीनं जायचो.

शेंड्याकडची दोन पानं उरली तेव्हा गर पांढरा दिसला. मधोमध मोहरीएवढा एक तपकिरी ठिपका. अजून एक काप घेतला असता तर कदाचित वाचलं असतं. मी सुरी टेकवली, तशी आबांनी माझं मनगट धरलं.

"बस. एवढं राहू दे तिले."

मी सुरी खाली ठेवली.

तो शेंडा काचेच्या ग्लासात ठेवला. पानं हिरवी राहिली. दारावरून जाणाऱ्याला आबा बोलावून दाखवायचे, "मोहिनीचं झाड. आता बरं हाये." मी रोज ते उठायच्या आत पाणी बदलायची, कारण सकाळपर्यंत त्याला वास येऊ लागायचा.

एके दिवशी मी ग्लास उचलला, तर आबा खाटेवर जागेच होते.

"नको बदलू, व माय," ते म्हणाले. "वास मले बी येते."

मी ग्लास खाली ठेवला. त्यांनी उठून ग्लासातला तो शेंडा काढला, धोतराच्या सोग्यानं टिपला आणि कुदळ घेऊन मळ्याकडे निघाले.

"कानटोपी तरी घाला, आबा. बाहेर गार आहे."

त्यांनी घातली नाही.