इदालिनाबाईंचा निळा पोशाख

नेरिसला सहसा कशाची किळस येत नसे. स्वान्झीतल्या पायांच्या दवाखान्यात ती गेली सव्वीस वर्षं म्हाताऱ्यांची नखं कापत होती, कुरुपं तासत होती. मोज्याबरोबर सोलून येणारी कातडी बघायची, हात धुवायचे आणि डबा उघडायचा, असा तिचा रोजचा दिवस. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी लिस्बनच्या त्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकताच रिअननं नाकाला रुमाल लावला, तेव्हा तिला हसूच आलं.

“मोरी तुंबलीय इथली,” रिअन म्हणाली. “फोटोत वास येत नाही ना, तिथंच फसतं माणूस.”

“खिडकी उघडते,” डेलिथ लगबगीनं म्हणाली, जणू वास तिनंच आणला होता.

सहल डेलिथच्या पन्नाशीची होती. तिघी अकराव्या वर्षापासूनच्या मैत्रिणी, एका शाळेतल्या, एका बाकावरच्या. ठरवायचं रिअननं, हो म्हणायचं डेलिथनं आणि नेरिसनं थोडं कुरकुरून मागोमाग जायचं, ही पद्धतही तेव्हापासूनचीच. दोन दिवसांत ट्रॅममध्ये बसायचं, किल्ला बघायचा, नदीत बोटीनं फिरायचं, तारली मासळी खायची. रिअननं यादीच करून आणली होती.

शनिवारी सकाळी तिला इस्त्री हवी होती. झोपायच्या खोलीत एक उंच कपाट होतं, त्याला कुलूप होतं आणि वर मालकानं चिकटवलेली चिठ्ठी होती, की हे कपाट खाजगी आहे.

“म्हणजे इस्त्री आतच असणार,” रिअन म्हणाली आणि फळं कापायच्या सुरीनं तिनं दोन मिनिटांत कडी उचकटली.

आत इस्त्री नव्हती. डांबरगोळ्यांचा वास होता आणि कुणा म्हाताऱ्या बाईचा अख्खा संसार होता. पिवळट लांब मोजे, पट्टा तुटलेली चामड्याची पर्स, दोऱ्यानं बांधलेली पत्रं, मुरांब्याच्या बरणीत कवळी. आणि पातळ कागदात गुंडाळलेला गडद निळा पोशाख, गळ्याला हातानं विणलेली पांढरी लेस असलेला.

“ठेव बघू तिथंच परत,” नेरिस म्हणाली.

“तू दवाखान्यात नाहीयेस, बाई,” रिअन म्हणाली. तोवर तिनं पोशाख डोक्यातून घातलाही होता. तो तिला काखेत दाटत होता. मागची बटणं लागेनात, म्हणून ती गॅलरीत उजेडात गेली आणि पाठ करून उभी राहिली. “लाव गं, नेरिस. एवढीशी तर आहेत.”

नेरिसनं लावली. सोळा बटणं होती, कापडानं मढवलेली, मटारच्या दाण्याएवढी. रिअननं पाठीत वाक काढला, ओठ आत ओढून बोळकं केलं आणि खालच्या गल्लीला आशीर्वाद द्यायला लागली. मग बरणीतली कवळी बोटांत धरून तिनं डेलिथच्या कानाशी खटखट वाजवली. डेलिथ हसून हसून रडायला आली. नेरिसही हसली. फोटो तिनंच काढले.

रिअन तो पोशाख घालूनच जेवायला बाहेर पडली. कोपऱ्यावरच्या खाणावळीत, बाहेर मांडलेल्या टेबलाशी बसून ती बोळक्या आवाजात तारली मागवू लागली. वाढणाऱ्या माणसानं ताटं ठेवली आणि एकदाही तिच्याकडे न बघता तो आत गेला. शेजारच्या टेबलावरचा टोपीवाला म्हातारा अर्धी वाटी सूप तसंच टाकून उठला.

“ह्याला काय झालं आता?” रिअन म्हणाली. तिच्या हनुवटीवरून तेल ओघळलं आणि पांढऱ्या लेसवर उतरलं. पुसायला म्हणून तिनं हात फिरवला तर तांबडी वाइन मांडीवर सांडली. काखेतली शिवण टरकल्याचा आवाज नेरिसला स्पष्ट ऐकू आला. रिअन हसतच होती. तिच्या दातांत माशाची कातडी अडकली होती, घामानं निळं कापड पाठीवर काळं झालं होतं. नेरिसनं ताट सरकवलं.

“काय गं, खात नाहीस?”

“भूक गेली.”

दुपारी घरी आल्यावर रिअननं पोशाख काढला, बोळा केला आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या पिशवीत कोंबला. पाठोपाठ डेलिथनं आदल्या रात्रीच्या कोळंबीची सालं त्यावर ओतली.

पाचच्या सुमाराला दार वाजलं. समोरच्या दारातली बाई होती, पासष्टीची, आखूड केसांची, एप्रनला हात पुसत उभी. नाव ग्रासिएते. जर्सी बेटावर बारा वर्षं हॉटेलातल्या चादरी बदलल्या होत्या, त्यामुळे इंग्रजी चांगलं बोलायची.

“ह्या घरात इदालिनाबाई राहायच्या,” ती म्हणाली. “चोपन्न वर्षं. मालकानं त्यांना काढलं. आता नदीपलीकडे पुतणीकडे असतात, पण आता फार दिवस जगायच्या नाहीत. त्यांनी एकच गोष्ट मागितलीय. कपाटात निळा पोशाख आहे. तो घालूनच जायचं म्हणतात. मालक किल्ली देत नाही. तुम्ही जरा बघाल का, ते कपाट उघडतं का?”

“नाही हो,” रिअन दारातून न हलता म्हणाली. “कुलूप आहे त्याला. खाजगी आहे म्हणे. आम्ही हातसुद्धा लावला नाही.”

ग्रासिएतेनं एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. डेलिथ नखं बघत होती. नेरिसचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

“बरं,” ती म्हणाली आणि गेली.

दार लागताच रिअन म्हणाली, “मेलेल्याला काय घातलंय हे कोण बघतंय? चला, बोट साडेसहाला सुटते.”

नेरिस स्वयंपाकघरात गेली. तिनं पिशवीत कोपरापर्यंत हात घातला. सालं, मिशा, माशांची डोकी, ओली चहापूड ह्या सगळ्याखालून तिनं तो बोळा ओढून काढला. आयुष्यात पहिल्यांदा तिला ओकारी आली, आणि ती वासामुळे नव्हती.

“वेडी झालीस का?” दारात उभी राहून रिअन म्हणाली. “आपण नाही म्हणालो ना त्यांना? आता घेऊन गेलीस तर आपण खोटारड्या ठरतो.”

“आहोतच.”

“तुला फार सुचतंय आता. सकाळी नाही सुचलं.”

नेरिस तासभर न्हाणीघरात बसून पोशाख घासत होती. तेल थोडं निघालं, वाइनचा डाग पसरून फिकट जांभळा झाला, काखेत तर वीतभर भोक होतं. बाहेर दोघींच्या टाचांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. बोट गाठायची होती.

ओला पोशाख दोन्ही हातांवर घेऊन तिनं समोरचं दार वाजवलं.

ग्रासिएतेनं तो घेतला नाही. आधी वाकून वास घेतला. साबणाखाली मासळीचा वास तसाच होता.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “सकाळी मी खिडकीत होते. सगळी गल्ली खिडकीत होती. तरी विचारून बघितलं, तुम्ही काय म्हणता ते.”

“मला फार वाईट वाटतं,” नेरिस म्हणाली.

“बटणं तू लावत होतीस.”

नेरिसनं पोशाख आणखी पुढे धरला.

“आणखी काय काय आहे त्या कपाटात? सगळं आण.”

ओला पोशाख खांद्यावर टाकून नेरिसनं चार खेपा केल्या. मोजे, पर्स, पत्रं, बरणी, एक तसबीर, लोकरीचे गुंडे. ग्रासिएते दारातच उभी राहून एकेक वस्तू घेत होती. बरणी तिनं पदराच्या टोकानं पुसावी तशी आपल्या एप्रननं पुसली. पोशाख शेवटी घेतला, तोही दोन बोटांनी, मेलेला उंदीर शेपटीनं उचलावा तसा. मग दार लावून घेतलं. आभार तिनं मानले नाहीत, आणि मानले असते तर नेरिसला ते सोसले नसते.

रविवारचा दिवस तिघींनी किल्ल्यावर आणि ट्रॅमच्या रांगेत काढला. रिअन मालकाच्या तक्रारीच्या भीतीनं फणफणत होती, नेरिसशी डेलिथमार्फत बोलत होती. संध्याकाळी विमानाची वाट बघताना तिनं फोटो सगळ्यांना पाठवले. गॅलरीतला तो वाकलेला निळा पोशाख त्यात सगळ्यात वर होता.

“तो काढून टाक,” नेरिस म्हणाली.

“तूच काढलायस की,” रिअन म्हणाली. “छान आलाय.”

ब्रिस्टलला उतरल्यावर रिअनची गाडी विमानतळावर उभी होती. नेरिस त्यात बसली नाही, बस धरून घरी गेली.

बुधवारी डेलिथचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, “रिअन विचारत होती, ऑक्टोबरात व्हिएन्नाला यायचंय का म्हणून. तिचा राग गेलाय आता.”

“तिचा राग,” नेरिस म्हणाली.

“मलाही ते आवडलं नव्हतं गं, त्या ड्रेसचं. मनातून मला कसंतरीच होत होतं.”

“मग हसत का होतीस?”

“आता रिअनसमोर कोण बोलणार? तू तरी बोललीस का?”

नेरिसनं फोन कानापासून लांब धरला. डेलिथचा आवाज बारीक होऊन येत राहिला, व्हिएन्नात कुठला केक मिळतो ते सांगत. तिला त्या आवाजाची शिसारी आली, आणि आपल्या गप्प बसण्याचीही.

“मी येणार नाही,” ती म्हणाली. “तूही आता मला फोन करू नकोस, डेलिथ. निदान काही दिवस.”

मग डेलिथनं विचारलं, “मग रिअनला मी काय सांगू?”