होकाराआधीचा मुक्काम

सकाळचा उजेड आमच्या घरात मागच्या दाराने येतो. आधी तो शेजारच्या गच्चीवरील पाण्याच्या काळ्या टाकीच्या कडेला लागतो, तिथून दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवर उतरतो आणि एखाद्या ओल्या टॉवेलाच्या घडीत बराच वेळ अडकून राहतो. मग केव्हातरी, कोणाच्या लक्षात न येता, तो उंबऱ्याच्या आत आलेला असतो. स्वयंपाकघराच्या फरशीवर खिडकीच्या गजांच्या सावल्या पडतात; त्या आधी लांब आणि फिकट असतात, मग आखूड आणि गडद होत ओट्याच्या पायाशी सरकतात. आई दुधाच्या पातेल्यावरचे झाकण उचलते तेव्हा उजेडाचा एक गोल छतावर हलतो आणि नाहीसा होतो. विश्रामबागेतल्या या उजेडात सांगण्यासारखे काही नाही. तो नदीवरून येत नाही, डोंगरावरूनही येत नाही. शिकवणी वर्गाचे फलक आणि उभ्या केलेल्या दुचाक्या ओलांडत तो येतो. मिरजेच्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत कामाला निघण्यापूर्वी मी रोज चहाचा कप धरून त्याच्याकडे पाहत बसतो, आणि मला वाटते की आपले आयुष्यही असेच, कोणाला धक्का न लावता, सरकत सरकत ओट्याच्या पायाशी जाऊन थांबेल.

त्या शनिवारी मी तो उजेड नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिला. पिशवी भरून झाली होती, बूट घालून झाले होते. आईने पुढे केलेले थालीपीठ मी तसेच ठेवले.

शिवांजलीचे स्थळ महिन्यापूर्वी आले होते. ती आटपाडीला शाळेत शिकवते; घर कडेगावकडचे, उसाचे. आम्ही दोनदा भेटलो होतो. नाव ठेवावे असे तिच्यात काही नव्हते आणि माझ्यातही तिच्या घरच्यांना काही सापडले नव्हते. रविवारी संध्याकाळी मी होकार कळवायचा, एवढेच उरले होते. परंतु त्यांच्या घरात एक रीत होती. जावई पक्का करण्याआधी घरातले पुरुष त्याला एक रात्र पाण्यावर नेत: उघड्यावर मुक्काम, हातात गळ, आणि जे मिळेल ते जेवण. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेले होते. तो ताप घेऊन परतला आणि तरीही लग्नाला उभा राहिला, हे मला पहिल्याच भेटीत सांगण्यात आले होते.

हॉर्न वाजला. फाटकाशी हिरवी, उघडी, उंच चाकांची जुनी जिप्सी उभी होती. स्टिअरिंगशी शिवांजलीचा भाऊ विश्वजीत होता, सैन्यातून सुट्टीवर आलेला. मागे तंबू, कळशी आणि गळांच्या काठ्या यांच्या ढिगात त्याचा शाळेपासूनचा मित्र रिजवान बसला होता; मिरजेत त्याचे टायरचे दुकान आहे.

"पाव्हणं, तुमी पुढं बसा," विश्वजीत म्हणाला. "मागं बसलासा तर पाठ ऱ्हायची न्हाई."

"आन् माझी पाठ काय भाड्यानं आनलीया व्हय?" रिजवान म्हणाला.

"तुझ्या पाठीला कोन स्थळ बगतंय?"

मी पुढे बसलो. "विश्वजीतराव, किती वेळ लागेल?" असे मी विचारले, तेव्हा दोघेही एकमेकांकडे न पाहता हसले.

"राव," रिजवान मागून हळूच म्हणाला. "सुभेदारसुद्धा ह्येला राव म्हनत न्हाई गड्या."

उसाच्या गाड्या मागे टाकत आम्ही कराड ओलांडले आणि पाटणच्या रस्त्याला लागलो. उघड्या गाडीत वारा अंगावर येत नाही, तो अंगातून जातो. माझे केस, माझा सदरा, मनात जुळवून ठेवलेली सभ्य वाक्ये, सारे काही फडफडत मागे उडून चालले होते, आणि मला त्याचे जराही दुःख होत नव्हते. डांबरी रस्ता संपला तिथे रिजवानने उतरून चारही चाकांतली हवा थोडी थोडी सोडली.

"हवा कमी केली की टायर पसरतंय," तो मला म्हणाला. "उंटाच्या पायागत. मंग मऊ जमिनीत रुतत न्हाई."

"आजवर कवाच न्हाई रुतलं?" विश्वजीतने विचारले.

"मी नसताना रुतलं आसंल."

विश्वजीतने दुसरा छोटा दांडा मागे ओढला. पुढच्या चाकांतही जोर आला आणि जिप्सी दगडांच्या उतारावरून एकेक पाऊल टाकत उतरू लागली. एका वळणावर खाली धरणाचे मागचे पाणी एकदम उघडे पडले. फेब्रुवारीत ते बरेच मागे सरकलेले होते. काठाने गाळाचा रुंद, भेगाळलेला पट्टा सुटला होता आणि त्यापलीकडे निळे, जवळजवळ अन्यायाने सुंदर असे पाणी होते. माझ्या तोंडून आवाज निघाला. तो कसला होता ते मला सांगता येणार नाही, पण विश्वजीतने माझ्याकडे वळून पाहिले आणि तो खूश झाला.

रिजवानच्या उंटाचे पाय अर्ध्या गाळपट्टीत गेले. वरची भेगाळलेली खपली टणक दिसत होती. खाली चिखल लोण्यासारखा मऊ होता. चाके आसापर्यंत बुडाली.

"उंट बसला," विश्वजीत म्हणाला.

"बसला न्हाई. नमाज पडतोय," रिजवान म्हणाला आणि खाली उडी मारून गुडघ्यापर्यंत रुतला.

आम्ही चाकांपुढचा चिखल हातांनी उपसला, झुडपांच्या फांद्या आणि तंबूखालची ताडपत्री चाकांखाली सारली. मग विश्वजीतने आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"सगळ्यात हलकं कोन? पाव्हणं, तुमी गाडी काढा. आमी ढकलतो."

मी आईच्या स्कूटरशिवाय आणि काकांच्या छोट्या गाडीशिवाय काही चालवलेले नव्हते. मी तसे सांगितले.

"मंग आज शिका. दांडा हितं. पाय एकदम दाबायचा न्हाई. गाडी काय म्हनतीया ते आयकायचं."

मी स्टिअरिंगशी बसलो. गाडी थरथरली, मागून दोघांचे हुंकार आले, चिखलाचा एक फवारा उडाला आणि रिजवानच्या शिव्या ऐकू आल्या. मग पुढची चाके कशाला तरी धरून वर आली. मला ते आसनातून, पाठीच्या कण्यातून कळले. गाडी निघाली. मी थांबलो नाही. थांबलो तर पुन्हा रुतेन, एवढे मला कोणी न सांगता समजले होते. खडकाळ उंचवट्यावर चढूनच मी थांबलो आणि मागे पाहिले. दोन चिखलाचे पुतळे हात वर करून उभे होते.

"ऋषी, लेका," त्यांतला विश्वजीत ओरडला, "घेऊन पळून चाललास काय रं?"

पाव्हणं नव्हे, ऋषी. माझे नाव ऋषिराज आहे हे त्याला ठाऊक होते, एवढेच नव्हे तर ते त्याने लहानही केले होते. मला आठवते तिथपासून मला कोणी 'रं' म्हटलेले नाही. मी स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसलो, आणि डोळे भरून आले त्याचा दोष चिखलावर ढकलला.

दुपार कलल्यावर आम्ही गळ टाकले. विश्वजीतने शेंगदाण्याच्या पेंडीचे गोळे मळले, काठी माझ्या हाती दिली आणि मला उथळ पाण्यातल्या एका खडकावर उभे केले. लाटा नव्हत्या. समोरच्या डोंगराची सावली पाण्यावर हळूहळू पसरत होती, आणि मी आयुष्यात प्रथमच कशाची तरी वाट पाहत असूनही घाबरलेला नव्हतो.

ओढ लागली तेव्हा गळ दगडात अडकला असे मला वाटले. मग दगड चालू लागला.

रिळाची चक्री कर्कशपणे फिरू लागली. काठी वाकली, इतकी की तिचे टोक पाण्याला लागले. विश्वजीत कपड्यांनिशी पाण्यात धावला, परंतु त्याने काठीला हात लावला नाही.

"ढील दे. ओढू नगंस. पळतोय तवर पळू दे, थांबला की गुंडाळ."

"तुम्ही घ्या ना," मी म्हणालो.

"तुझा हाय. मी कशापाय घिऊ?"

"सासुरवाडीचा मासा हाय," काठावरून रिजवान म्हणाला. "मानपानाबिगर यायचा न्हाई."

तो पळाला, थांबला, पुन्हा पळाला. माझे दंड पेटले होते, तळव्याला दोरीचा चरका बसला होता. एकदा तो पृष्ठभागाशी वळला आणि संध्याकाळच्या उजेडात त्याची कूस पितळेच्या परातीसारखी लखलखली. अखेर तो माझ्या गुडघ्यांशी आला तेव्हा आम्ही दोघेही थकलो होतो. तो खडस होता, डोंगरातल्या नद्यांचा तो ताकदवान मासा. तळहाताएवढा नव्हे, पण रुपयाहून मोठा असा एकेक खवला, कडेला सोनेरी, मध्ये काळसर.

"खडस आमी खात न्हाई," विश्वजीत म्हणाला. "सोडतो. तूच सोड."

मी त्याला दोन्ही हातांनी पाण्यात धरले. तो श्वास घेत राहिला आणि मग माझ्या बोटांतून निघून गेला. रिजवानने मोबाइलवर छायाचित्र काढले होते.

"चला टेकाडावर," तो म्हणाला. "तितं रेंज येती. मी बायकूला, सुरय्याला, सांगतो मी जित्ता हाय. आन् ह्यो फोटू शिवांजलीला धाडू."

"तुम्ही जा," मी म्हणालो. "मी गळाजवळ थांबतो."

"गळ काय पळून चाललाय?"

"लाजतोय त्यो," विश्वजीत त्याला म्हणाला, आणि मीही स्वतःला तेच सांगितले.

ते दोघे चढून गेले. मी पाण्यात पाय सोडून बसलो आणि पुढची वर्षे पाहू लागलो. दर हिवाळ्यात विश्वजीत सुट्टीवर येईल. हॉर्न वाजेल. पुढची जागा माझी असेल. दिवाळीला कडेगावच्या अंगणात रिजवान माझ्या गाळातल्या पराक्रमाची टवाळी करील आणि सगळे घर हसेल. त्या घरात मी शिवांजलीलाही पाहिले; ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिला वळवण्याचा मी थोडा प्रयत्न केला. मग पाण्यात काहीतरी उसळले आणि मी तिकडे पाहिले.

रात्री आम्ही लहान मासे भाजून भाकरीशी खाल्ले आणि मेल्यासारखे झोपलो.

रविवारी परतताना डांबरी रस्त्याशी चहाची टपरी लागली. रिजवान पंपाने चाकांत हवा भरू लागला. विश्वजीतने दोन पेले घेतले आणि मला बाजूच्या चिंचेखाली नेले.

"माझ्याकडनं तू पास हाईस," तो म्हणाला. "रिजवान म्हनतोय, त्येला मुलगी आसती तर त्येनं आजच पेढं वाटलं आसतं. पन आमी कोन? शिवांजलीनं येक इचारायला सांगितलंय."

"काय?"

"ती म्हनली, दादा, त्येंला समदं चालतंय. घर चालतंय, माझी नोकरी चालतीया, मीबी चालीन. पन मी आवडली काय, ते इचारून ये. घरात खरं सांगनार न्हाईत, पान्यावर न्ये." त्याने चहाचा घोट घेतला. "मी तिला म्हनलं, येडी हाईस. पन इचारतो बोललोय. तर सांग. न्हाई म्हनलास तरी घरापतूर सोडतो, आर्ध्या वाटंत उतरवनार न्हाई."

होकार कालपासून माझ्या तोंडात तयार होता, आणि असा भरभरून होकार मी आजवर कशालाच दिला नव्हता. पण तो देण्याआधी मला तिचा चेहरा आठवायचा होता. मी डोळे मिटले. हनुवटी आठवली, पण ती विश्वजीतची होती. खडसाचा प्रत्येक खवला मला सांगता आला असता.

पलीकडे रिजवान पंपावर वाकून काहीतरी गुणगुणत होता. मला ती जिप्सी अतिशय सुंदर दिसली.

"नाही," मी म्हणालो.

 विश्वजीतने माझ्या हातातला रिकामा पेला काढून घेतला, आपल्या पेल्यात ठेवला आणि तो टपरीकडे चालू लागला. मी चिंचेखाली उभा राहिलो. मला विश्वजीत हवा होता, रिजवान हवा होता, पुढची जागा हवी होती. शिवांजलीशी लग्न करायचे नव्हते.